इरावती कर्वे: डीएनए मशीन नव्हतं तेव्हा माणसांमधला फरक मोजणारी शास्त्रज्ञ

हल्ली रील्समध्ये डीएनए टेस्टच्या जाहिराती खूप दिसतात. ट्यूबमध्ये थुंका, कुरियरने पाठवा आणि काही आठवड्यांत ॲपवर बघा, तुमचे पूर्वज कुठले. त्याखालची भांडणंही तुम्ही वाचली असतील. मूळ रहिवासी कोण, बाहेरून कोण आलं, शुद्ध रक्ताचं कोण. प्रत्येकजण ठासून बोलतो, पण मोजलंय कोणी आणि कसं, हे क्वचितच कोणी विचारतं.

एका मराठी बाईने हे मोजलं होतं. तेव्हा डीएनए वाचणारं मशीन नव्हतं, कॉम्प्युटर नव्हता. हातात मोजपट्टी, कॅलिपर आणि वही. त्यांचं नाव इरावती कर्वे. शाळेत त्यांचा एखादा ललित लेख किंवा 'युगान्त'चं नाव तुमच्या कानावर आलं असेल. पण त्या लेखिका होत्या तितक्याच पक्क्या शास्त्रज्ञ होत्या. आज त्यांच्या त्या बाजूबद्दल बोलूया.

आधी प्रश्न समजून घेऊ

मी मार्कंड्याची. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर आमचं गाव आहे. इथल्या जुन्या दगडी मंदिरांमुळे लोक याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. दर्शनाच्या रांगेत कान उघडे ठेवून उभं राहिलं की मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगडी आणि बंगालीसुद्धा ऐकू येते. चामोर्शी-मुलचेरा भागात बंगाली निर्वासितांची गावं आहेत, म्हणून बंगाली.

आता समजा, या रांगेतल्या सगळ्यांचा डीएनए तपासायचाय. लोकांचे गट कसे पाडाल? भाषेवरून? रंगावरून? जिल्ह्यावरून? की जातीवरून? गट चुकीचे पाडले तर मशीन कितीही महाग असू दे, उत्तर चुकीचंच येणार.

जनुकीय विविधतेचा अभ्यास म्हणजे नेमकं हेच काम. आपल्या जीनोममध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत. कुठल्याही दोन माणसांत त्यातली साधारण ९९.९ टक्के सारखी असतात. उरलेल्या फरकातही बरीचशी रूपं सगळ्याच समाजांत सापडतात, फक्त त्यांचं प्रमाण कमीजास्त असतं. रक्तगटाचं उदाहरण घ्या. 'बी' गट युरोपातही आहे आणि भारतातही, पण भारतात तो जास्त लोकांत सापडतो. लुडविक आणि हांका हिर्झफेल्ड या डॉक्टर जोडप्याने पहिल्या महायुद्धात वेगवेगळ्या देशांच्या सैनिकांचं रक्त तपासून हा फरक १९१९ मध्ये जगासमोर मांडला. त्या सैनिकांत भारतीयही होते.

म्हणजे खरा प्रश्न असा, की ही प्रमाणं कुठल्या गटात वेगळी होतात आणि का होतात. इरावतीबाईंनी आयुष्यभर याच प्रश्नाचा पाठलाग केला.

नदीचं नाव घेऊन आलेली मुलगी

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंजान गावचा. ब्रह्मदेश म्हणजे आजचा म्यानमार. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. इरावती हे तिथल्या मोठ्या नदीचं नाव, तेच मुलीला ठेवलं.

सातव्या वर्षी त्यांना शिकायला पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. तिथे शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली. शकुंतलाचे वडील म्हणजे गणितज्ञ रँग्लर परांजपे. त्यांच्या घरात इरावतीबाई मुलीसारख्याच वाढल्या. पुस्तकं, वादविवाद, मोकळं वातावरण, सगळं तिथे होतं.

१९२६ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून त्यांनी तत्त्वज्ञानात बी.ए. केलं. मग मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकून १९२८ मध्ये एम.ए. झाल्या. घुर्ये म्हणजे भारतातल्या समाजशास्त्राचे पाया घालणारे गुरू. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

लग्न झालं दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव. दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आले होते. बायकोनेही तिथे जाऊन डॉक्टरेट करावी, असं त्यांना वाटलं. गंमत म्हणजे स्त्रीशिक्षणासाठी जन्म घालवलेल्या महर्षींनाच सुनेने परदेशी जाणं पसंत नव्हतं. तरी त्या गेल्या.

बर्लिन: गाईडला हवं होतं एक, आकडे सांगत होते दुसरं

१९२८ मध्ये त्या बर्लिनला कैसर विल्हेल्म संस्थेत दाखल झाल्या. मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि युजेनिक्स असे या संस्थेचे विषय होते. युजेनिक्स म्हणजे 'चांगल्या' वंशाच्या माणसांची संख्या वाढवायची आणि 'वाईट' ठरवलेल्यांना मुलं होऊ द्यायची नाहीत, असा विचार. संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे याच विचाराचे होते. पुढे नाझी सरकारने वंशाच्या नावाखाली जे कायदे केले, त्यांना अशाच लोकांच्या 'विज्ञाना'चा टेकू मिळाला.

फिशर हेच इरावतीबाईंचे गाईड. विषय दिला कवटीचा. माणसाची कवटी डावी-उजवीकडून अगदी सारखी नसते, थोडा फरक असतो. युरोपीय लोकांत हा फरक वेगळ्या प्रकारचा असतो आणि त्याचा त्यांच्या बुद्धीशी संबंध आहे, असं दाखवता येईल ही फिशर यांची अपेक्षा होती.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. काही युरोपातल्या, तर काही जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या. त्या कशा आणल्या असतील, याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो.

मोजमापं पूर्ण झाली, आकडे जुळवले आणि निष्कर्ष निघाला की कवटीच्या असमानतेचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. तो फरक सगळ्याच माणसांत आहे.

जरा त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वय विशीतलं, परका देश, शिकलेली परकी भाषा, शिक्षणासाठी घेतलेलं कर्ज, आणि डिग्री ज्याच्या सहीवर अवलंबून तोच माणूस वेगळ्या उत्तराची वाट बघतोय. दोन-चार आकडे इकडेतिकडे केले असते तर कोणाला कळलं असतं? पण त्यांनी आकडे सांगत होते तेच लिहिलं, आणि डॉक्टरेट मिळवून भारतात परतल्या.

पुणे: माणसं मोजायची, पण गट कुठला?

परत आल्यावर काही वर्षं त्या एसएनडीटी महिला विद्यापीठात रजिस्ट्रार होत्या. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्राच्या रीडर झाल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. तिथे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया त्यांचे सहकारी होते. गुजरातमध्ये लांघणज इथल्या उत्खननात अश्मयुगातल्या माणसांचे सांगाडे मिळाले, त्या कामातही इरावतीबाई होत्या.

पण मुख्य काम गावोगाव फिरण्याचं. एसटी, बैलगाडी, पायी, जे मिळेल त्याने जायचं. लोकांशी बोलायचं, नातीगोती लिहून घ्यायची, उंची, डोक्याची लांबी-रुंदी, नाकाची मापं घ्यायची. १९५१ मध्ये त्यांनी वि. म. दांडेकर यांच्यासोबत महाराष्ट्रातल्या लोकांच्या अशा मोजमापांचं पुस्तक काढलं. दांडेकर म्हणजे पुढे दारिद्र्याच्या अभ्यासासाठी गाजलेले अर्थतज्ज्ञ, आकडेशास्त्रातले पक्के.

इथे टेक्नॉलॉजीतली एक गोष्ट सांगते. मशीन लर्निंग शिकणाऱ्यांनी 'महालनोबिस डिस्टन्स' ऐकलं असेल. बँकेच्या व्यवहारांतला संशयास्पद व्यवहार पकडायला वगैरे ते वापरतात. हे गणित माणसांच्या मोजमापातूनच जन्मलंय. १९२० मध्ये आपल्या नागपुरात सायन्स काँग्रेस भरली होती. तिथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अनंडेल यांनी प्रशांतचंद्र महालनोबिस यांना कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची मापं तपासायला सांगितलं. दोन समाजांतलं 'अंतर' कसं मोजायचं, हा प्रश्न तिथून सुरू झाला आणि १९३६ मध्ये ते सूत्र पक्कं झालं.

सूत्रामागची कल्पना सोपी आहे. ज्याची उंची जास्त, त्याचे हातपायही साधारण लांब असतात. दोन्ही मापं वेगवेगळी धरली तर एकच फरक दोनदा मोजला जातो. हे सूत्र तो दुहेरी हिशोब काढून टाकतं. त्या काळात भारतात मानवशास्त्र आणि संख्याशास्त्र असे हातात हात घालून चालले होते.

गुरूंशी मतभेद

आता घुर्यांकडे येऊ. एका मोठ्या जातीचे तुकडे पडत पडत पोटजाती झाल्या, अशी मांडणी तेव्हा प्रचलित होती आणि घुर्यांचाही कल तिकडेच होता. इरावतीबाईंना हे सगळीकडे लागू पडेल असं वाटत नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की अनेक ठिकाणी वेगवेगळे गट आधीपासूनच होते. ते शेजारी राहायला आले, एकच धंदा करू लागले, म्हणून एका नावाखाली आले. पण लग्नं मात्र आपापल्या गटातच करत राहिले.

हे तपासायचं कसं? एकाच दर्जाच्या, एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या पण आपसात लग्न न करणाऱ्या गटांना मोजायचं. इरावतीबाई आणि त्यांचे विद्यार्थी कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातले आठ ब्राह्मण गट घेतले. इरावतीबाई स्वतः याच समाजातल्या, म्हणजे सुरुवात घरापासून केली. शरीराची मापं आणि आनुवंशिक खुणा दोन्ही तपासल्या. १९६८ मध्ये हा अभ्यास 'करंट अँथ्रोपॉलॉजी' या आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये आला. नाव आणि दर्जा एक असला तरी या आठ गटांत मोजता येण्याइतके फरक होते.

याचा अर्थ नीट समजून घ्या. यातून कोणी उच्च किंवा नीच ठरत नाही. उलट 'ब्राह्मण' नावाचा एकच एक जैविक गट आहे, ही समजूतच डळमळीत होते. जीवशास्त्राच्या हिशोबाने महत्त्वाचं काय, तर कोण कोणाशी लग्न करतं. दर्जा, वर्ण, कातडीचा रंग यावरून पाडलेले गट फसवतात.

म्हणूनच त्यांनी लग्नाच्या नियमांचा एवढा अभ्यास केला. १९५३ च्या त्यांच्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात भारतभरच्या नातेसंबंधांचा नकाशा आहे. उत्तरेत अनेक ठिकाणी गावातली मुलगी चालत नाही, लांबची बघतात. दक्षिणेत नात्यात लग्न पसंत करतात. महाराष्ट्र मध्ये आहे, म्हणून आपल्याकडे मामाची मुलगी चालते. आमच्याकडे गोंड समाजात अशा लग्नाला 'दूध लौटावा' म्हणतात, एका घरातून आलेलं दूध त्या घराला परत करणं. वरवर बघता ही रीतभात आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या जनुकं कुठून कुठे जातील हे तिनेच ठरतं.

घर, स्कूटर, वारी

इरावतीबाई त्या काळी पुण्यात स्कूटर चालवायच्या. कुंकू-मंगळसूत्र घालत नसत, नवऱ्याला नावाने हाक मारायच्या. दोन मुली, एक मुलगा. धाकटी मुलगी म्हणजे लेखिका गौरी देशपांडे. घरात दिनकररावांची खंबीर साथ होती.

त्या ज्ञानेश्वरांच्या पालखीसोबत वारीतही चालल्या. माणसं दिवसभर एकत्र अभंग म्हणतात, पण जेवणाच्या वेळी ब्राह्मण आणि मराठा वेगवेगळ्या पंगतीला बसतात, हे त्यांना फार खटकलं. एरवी वहीत नोंद करणाऱ्या या बाईला ती फक्त नोंद करून सोडता आली नाही.

'युगान्त' १९६७ मध्ये आलं. महाभारतातल्या माणसांकडे त्यांनी त्यात माणसं म्हणूनच पाहिलं. त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० ला पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं ६४.

त्यांच्या पद्धतीत अडचण काय होती?

कौतुक करताना हेही सांगायला हवं. इरावतीबाईंनी फिशर यांचा निष्कर्ष नाकारला, पण कॅलिपर घेऊन माणसं मोजण्याची पद्धत त्या तिथूनच शिकून आल्या होत्या. डोक्याची नि नाकाची मापं हे ज्या वंशशास्त्राचं हत्यार होतं, ते त्यांनी पुढेही वापरलं. शिवाय अशी मापं फक्त आनुवंशिक नसतात. लहानपणी पोटभर खायला मिळालं का, आजारपणं किती झाली, यावर उंची बदलते. आज कोणी नाकाच्या मापावरून समाजांचा इतिहास सांगायला लागलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

हत्यार जुनं झालं, पण कोणाला मोजायचं हा त्यांचा प्रश्न जुना झाला नाही.

मग डीएनए मशीन आलं

२००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मिळून 'नेचर'मध्ये एक मोठा अभ्यास छापला. भारतातल्या २५ गटांतल्या १३२ लोकांच्या डीएनएवरच्या साडेपाच लाखांहून जास्त जागा तपासल्या. आपसातच लग्नं केल्याचे ठसे भारतीय जीनोममध्ये खोलवर दिसले. २०१३ च्या पुढच्या अभ्यासात कळलं की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी इथले लोक एकमेकांत भरपूर मिसळत होते आणि त्यानंतर ते मिसळणं थांबत गेलं.

म्हणजे दोन गोष्टी एकदम खऱ्या आहेत. जात नावाच्या कुंपणाने जनुकांत फरक पाडले. आणि त्या कुंपणाआधी सगळ्यांचे पूर्वज मिसळलेले होते, त्यामुळे शुद्ध असं इथे कोणी नाही. रील्सखालच्या भांडणाचं उत्तर इथेच मिळालं.

आता आमच्या भागाकडे. २०१७ मध्ये गोंड समाजाच्या चार वेगवेगळ्या ठिकाणच्या गटांचा अभ्यास झाला. गोंडी भाषा तेलुगू-तमिळच्या द्राविडी कुळातली. त्यामुळे डीएनएही इतर द्राविडी भाषकांसारखा असेल असं वाटेल. पण तो मुंडा भाषा बोलणाऱ्या समाजांच्या जास्त जवळचा निघाला. मार्कंड्याच्या रांगेत भाषेवरून गट पाडले असते, तर आपण इथेच फसलो असतो.

माझ्यासाठी हा विषय पुस्तकातला नाही

कॉलेजात असताना आरोग्य शिबिरात माझी सिकलसेल तपासणी झाली. मी कॅरियर निघाले. मला आजार नाही, पण जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बदललेली आहे. बदल केवढा? ३०० कोटींतलं एक अक्षर. त्यामुळे हिमोग्लोबिनमधला एक घटक बदलतो. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे असह्य दुखतात, रक्त कमी पडतं.

मग असा घातक बदल टिकला कसा? कारण एकच प्रत बदललेली असेल तर मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. जिथे मलेरिया जास्त, तिथे हा बदल निवडला गेला. गडचिरोलीचं जंगल आणि इथला मलेरिया तुम्हाला माहीत आहेच. उत्क्रांती म्हणजे काय, हे मला माझ्या रक्ताच्या रिपोर्टवरून कळलं.

मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं. आमच्याकडे काही लोक याला आदिवासींचा आजार म्हणतात. ते चूक आहे. विदर्भात इतर अनेक समाजांतही तो आहे. जनुक जातीचा दाखला बघून येत नाही. पण लग्नं एकाच छोट्या गटात होत राहिली तर दोन कॅरियर भेटण्याची शक्यता वाढते. आणि दोघंही कॅरियर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. कोण कोणाशी लग्न करतं हा इरावतीबाईंचा प्रश्न असा माझ्या घरापर्यंत येतो.

लग्न मोडा असं मी म्हणत नाही. ज्याच्यात हा बदल आहे तो कमी दर्जाचा, असं म्हणणं म्हणजे परत फिशरच्या बर्लिनमध्ये जाणं. पण माहिती असावी. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन जुलै २०२३ मध्ये सुरू झालंय. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी तपासणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की टेस्ट करतात. पत्रिका जुळवता तसे हे रिपोर्टही शेजारी ठेवून बघा आणि डॉक्टरांचा सल्ला घ्या.

आणि पुढच्या वेळी एखादं ॲप तुम्हाला पूर्वजांचे टक्के दाखवेल, तेव्हा इरावतीबाईंचे तीन प्रश्न विचारा. तुलना कुठल्या गटांशी केली? ते गट कोणी आणि कशावरून पाडले? आणि आकडे नावडते निघाले असते, तरी त्यांनी तेच छापले असते का?